अळीला सवय लागली, की अळी बदलली?

प्रश्न : आमची यवतमाळ जिल्ह्यात कपाशीची शेती आहे. बीटी बियाणे आले तेव्हा पहिली काही वर्षे बोंडअळी जवळजवळ दिसतच नव्हती. नंतर गुलाबी बोंडअळी अशी आली की वरून बोंड चांगले दिसायचे आणि फोडले की आत अळी. माझे सासरे म्हणतात, ‘‘माणसाला तिखटाची सवय होते ना, तशी अळीला बीटीची झाली.’’ मुलीच्या पुस्तकात मात्र सजीव बदलायला लाखो वर्षे लागतात असे दिले आहे. मग पंधरा वर्षांत अळी बदलली कशी? आणि विषाला तोंड द्यायचे तर अंगात नेमके काय बदलायचे, हे तिला कळले कसे?

उत्तर : तुमच्या सासऱ्यांनी जे पाहिले ते अगदी बरोबर आहे. मुलीचे पुस्तकही चूक नाही, फक्त ते फार मोठ्या बदलांविषयी बोलते आहे. गाठ पडली आहे ती ‘अळी बदलली’ या दोन शब्दांपाशी. कोणती अळी बदलली, हे विचारले की ती सुटू लागते.

आधी बीटी कपाशी अळीला मारते कशी ते पाहू. मातीत ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ नावाचा जिवाणू असतो. तो एक प्रथिन तयार करतो. या प्रथिनाचे जनुक कपाशीत घातले की झाडाच्या पानांत, पात्यांत, बोंडांत ते प्रथिन तयार होते. अळीने घास घेतला की ते तिच्या आतड्यात जाते, तिथल्या पेशींवरच्या ठरावीक जागांना चिकटते आणि त्या पेशींना भोके पाडते. अळीचे खाणे थांबते आणि ती मरते. यात सगळे अवलंबून आहे ते प्रथिन त्या जागेला चिकटण्यावर. जागेचा आकार थोडा वेगळा असला की प्रथिन चिकटत नाही आणि अळी निवांत खात राहते.

आता तिखटाकडे येऊ. ज्या माणसाला तिखट सोसत नव्हते त्यालाच पुढे ते सोसू लागते. माणूस तोच असतो, त्याच्या आयुष्यात त्याच्यात फरक पडतो. बोंडअळीला ही सवड मिळतच नाही. प्रथिन चिकटणारी अळी अंड्यातून बाहेर येते, थोडेसे खाते आणि संपते. ती सवय करून घेणार कधी? जी जगली, ती अंड्यातून निघाली तेव्हापासूनच वेगळी होती. त्यामुळे ‘कोणती अळी बदलली’ याचे खरे उत्तर ‘एकही नाही’ असे आहे. बदलले ते अळ्यांच्या समूहातले प्रमाण. पूर्वी लाखात एखादी सापडणारी वेगळी अळी आता जिकडेतिकडे दिसते.

ही वेगळी अळी आली कुठून? जनुकांची नक्कल पिढ्यान् पिढ्या होत असते आणि नक्कल करताना कधीकधी चूक होते. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी नुकसान होते, क्वचित एखादी उपयोगी पडते. चूक होताना पुढे काय उपयोगी पडणार याचा विचार कोणी केलेला नसतो. बोंडअळीच्या ज्या जनुकापासून आतड्यातील ती चिकटण्याची जागा घडते, त्यातही अशा चुका होत होत्या. बीटी कपाशी नव्हती तेव्हाही होत होत्या. तेव्हा त्यांचा फायदा काहीच नव्हता, म्हणून त्या विरळाच राहिल्या.

इथे एखादा चिकित्सक वाचक अडवेल. चूक आधीच होती आणि विषामुळे घडली नाही, हे कशावरून? शंका रास्त आहे, आणि तिच्यावर एक फार देखणा प्रयोग झालेला आहे. 1952 मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या अमेरिकी दांपत्याने एका ताटलीत जिवाणूंच्या वसाहती वाढवल्या. ताटलीवर मखमलीचा तुकडा अलगद दाबला. मखमलीच्या लवेला प्रत्येक वसाहतीतले थोडे जिवाणू, आपापल्या जागेनुसार, चिकटले. तोच तुकडा मग औषध घातलेल्या ताटल्यांवर टेकवला. जवळपास सगळे जिवाणू मेले, पण मोजक्या ठिकाणी वसाहती उगवल्या, आणि वेगवेगळ्या ताटल्यांत त्या त्याच जागी उगवल्या. मग ते मूळ ताटलीकडे वळले. तिला औषधाचा स्पर्शही झालेला नव्हता. तिच्यातल्या नेमक्या त्या जागांवरचे जिवाणू घेऊन तपासले, तर ते औषधाला दाद देत नव्हते. म्हणजे औषध भेटण्याआधीच ते तसे होते. औषधाने त्यांना घडवले नाही, फक्त बाकीच्यांना बाजूला केले.

अळीला कळले कसे, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. तिला काहीच कळले नाही. कळायची गरजही नव्हती.

आता वेगाचा प्रश्न. त्यासाठी थोडा हिशोब करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. समजा, हजारातली एक प्रत चुकीची आहे. एकच प्रत चुकीची असेल तर दुसरी शाबूत प्रत तिची उणीव भरून काढते, विष चिकटते आणि अळी मरते. दोन्ही प्रती चुकीच्या असतील तरच ती जगते. असे दहा लाखांत एकदा घडेल. पण एका तालुक्यातल्या कपाशीवर कोटी अळ्या असल्या, तर त्यांत अशा दहा निघतील. एक कोटी वजा दहा अळ्या मेल्या की शेतकऱ्याला शेत स्वच्छ दिसते. पहिल्या वर्षांतला तुमचा अनुभव हाच. पण त्या दहांचे पतंग झाले, त्यांचे आपसांत मीलन झाले, तर त्यांच्या सगळ्या संततीत दोन्ही प्रती चुकीच्या असतात. एक मादी शंभराहून जास्त अंडी घालते. आणि त्यांना अन्नासाठी भांडायला दुसरे कोणी उरलेलेही नाही.

गुलाबी बोंडअळीची पिढी साधारण महिन्याभराची असते. एका हंगामात चार-पाच पिढ्या सहज होतात. पंधरा वर्षांत साठ-सत्तर पिढ्या झाल्या. माणसाच्या सत्तर पिढ्या मागे जायचे तर आपण सातवाहनांच्या काळात पोचतो. उत्क्रांतीचे घड्याळ वर्षांवर चालत नाही, ते पिढ्यांवर चालते, आणि किती जण मरतात व किती उरतात यावर त्याचा वेग ठरतो. लाखातले एखाद-दोन सोडून सगळे मारून टाकणारी निवड असली तर ते फार भरभर चालते.

यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ही कल्पना 1858 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे एकत्र मांडली. पुढच्याच वर्षी डार्विनचा मोठा ग्रंथ आला. नैसर्गिक निवडीला लागते काय, तर एका जातीच्या जिवांमध्ये आपसांत फरक असावेत, ते फरक पिल्लांत उतरावेत, आणि काही फरकांमुळे जास्त संतती मागे राहावी. एवढे जुळले की समूह बदलतो, कोणाची इच्छा असो वा नसो. गंमत अशी की वारसा नेमका कसा उतरतो हे डार्विनला ठाऊक नव्हते. वारशाचे नियम सांगणारे मेंडेलचे वाटाण्यांवरचे काम 1866 मध्ये छापून आले, पण 1900 पर्यंत ते कोणी फारसे पाहिले नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जगलेली अळी म्हणजे जास्त बळकट, जास्त प्रगत अळी, असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. तिच्या अंगातला एक भाग खरे तर बिघडलेला आहे. बीटी कपाशीवर हा बिघाड जीव वाचवतो. साध्या कपाशीवर अशा अळ्या कधीकधी इतरांपेक्षा मागे पडतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. चांगले-वाईट ठरते ते त्या वेळच्या परिस्थितीत. गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर जीवशास्त्रज्ञ पीटर आणि रोझमेरी ग्रँट 1973 पासून फिंच पक्ष्यांची चोच मोजत आले. 1977 मध्ये तिथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक बिया संपल्या. उरली ती मुख्यतः आपल्याकडच्या सराट्याच्या एका जातभाईची टणक, काटेरी फळे. ती फोडायला जाड चोच लागते. बहुतेक पक्षी मेले, जाड चोचीचे त्या मानाने जास्त वाचले, आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने जाड निघाली. मग 1983 मध्ये एल निनोच्या धुवाधार पावसाने बेट हिरवे झाले, बारीक बिया उदंड आल्या, आणि पुढच्या काळात बारीक चोचीचे पक्षी सरस ठरू लागले. कोणती चोच ‘पुढारलेली’, याला काही अर्थच उरत नाही.

तुमच्या पत्रात नसलेला, पण तुमच्या शेतात रोज दिसणारा एक प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो. भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली ती मुख्यतः हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीच्या धास्तीने. त्या अळीने आधी फवारणीच्या औषधांना दाद देणे सोडले होते. ती अळी बीटी कपाशीवर आजही बऱ्याच अंशी दबलेली आहे. मग गुलाबीच का उसळली?

उत्तर दोघींच्या जेवणात आहे. हिरवी बोंडअळी कपाशी खाते, तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते, मकाही सोडत नाही. तुमच्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतातच. त्या तुरीवर बीटी नसते. तिथे साध्या, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या सुखाने वाढतात, त्यांचे पतंग होतात, आणि कपाशीवर वाचलेल्या एखाद्या वेगळ्या पतंगाला जोडीदार मिळतो तो यांच्यातलाच. त्यांच्या पिल्लांत एक प्रत चुकीची आणि एक शाबूत. अशी पिल्ले बीटी कपाशीवर बहुतेक मरतात. गुलाबी बोंडअळी मात्र जवळपास फक्त कपाशीवर जगते. सगळीकडे बीटी कपाशीच असेल तर साध्या अळीला जगायला जागाच राहत नाही, आणि वाचलेल्याची गाठ पडते ती दुसऱ्या वाचलेल्याशीच.

बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमचे बिगरबीटी पाकीट मिळायचे, ते तुमच्या सासऱ्यांना आठवत असेल. त्याला गावोगाव ‘रेफ्युजी’ म्हणत. शेताच्या कडेने त्याच्या किमान पाच ओळी लावाव्यात असा नियम होता. अनेकांनी ते पाकीट फेकून दिले, आणि त्यात त्यांचा वेडेपणा नव्हता. पैसे मोजून लावलेल्या शेतात अळीसाठी मुद्दाम जेवण वाढायचे, हे कोणाच्या पचनी पडेल? त्यामागचे कारण नीट समजावून सांगायला कोणी फारसे आले नाही, याचा मला मनापासून राग येतो. त्या पाच ओळी म्हणजे वाचलेल्या पतंगांसाठी साध्या जोडीदारांची सोय होती. तुरीने हिरव्या अळीसाठी जे फुकट केले, ते गुलाबी अळीसाठी माणसाला करावे लागणार होते. त्यातही त्या पाकिटातले बी नीट उगवत नाही, त्याची फुले बीटीच्या वेळेला येत नाहीत अशा तक्रारी होत्या. या कडेच्या झाडांवरचे पतंग वेगळ्याच वेळी उडाले तर या सगळ्याचा उपयोग राहत नाही. पुढे दोन्ही बिया एकाच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली.

2006 मध्ये दोन जनुके असलेली बीटी कपाशी आली. तिच्यामागचा विचार भक्कम होता. पहिल्या विषापासून वाचवणारी चूक एका जनुकात असते, दुसऱ्यापासून वाचवणारी वेगळ्याच जनुकात. एकाच अळीत दोन्ही चुका असण्याची शक्यता म्हणजे दहा लाखांत एकाची दहा लाखांत एकाशी गाठ. पण हे गणित दोन्ही विषे धारदार असतील तरच चालते. 2010 मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट या जिल्ह्यांतील गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला जुमानत नसल्याचे जाहीर झाले. म्हणजे त्या अळीपुढे दुसरे विष एकटेच उभे होते. काही वर्षांत तेही बोथट झाले, आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने जे नुकसान केले ते तुम्ही पाहिलेच आहे.

हे टाळता आले असते का? ॲरिझोनात तीच अळी, तशीच बीटी कपाशी 1996 पासून होती. तिथे बिगरबीटी पट्टे काटेकोर लावले गेले आणि दहा वर्षे अळीत प्रतिकार विरळच राहिला. नंतर त्यांनी पट्ट्यांऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेले, नापीक केलेले पतंग विमानांतून अब्जावधींच्या संख्येने सोडले. वाचलेल्यांना जोडीदार मिळावा, पण पिल्ले होऊ नयेत, अशी ही व्यवस्था होती. 2018 मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर झाले. चीनमध्ये यांगत्झे नदीच्या खोऱ्यात तर शेतकऱ्यांनी, बियाण्याचा खर्च वाचावा म्हणून, संकरित कपाशीच्या दुसऱ्या पिढीचे बी पेरले. त्यातली सुमारे एक चतुर्थांश झाडे आपोआप बिगरबीटी निघाली, शेतभर विखुरलेली. वाढू लागलेला प्रतिकार तिथे मागे हटला.

तुमच्यासाठी व्यवहाराचा भाग थोडक्यात. डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड घेतली की गुलाबी बोंडअळीला हिवाळाभर घर मिळते आणि जास्तीच्या पिढ्या मिळतात. पऱ्हाटी वेळेवर काढणे, कमी दिवसांचे वाण लावणे, फुलोऱ्यात डोमकळ्या वेचून नष्ट करणे, कामगंध सापळ्यांतले पतंग मोजून मगच फवारणीचा निर्णय घेणे, या सगळ्याने पिढ्यांची संख्या आणि मरणाचे एकसुरीपण दोन्ही कमी होते. दरवर्षी एकाच औषधाचा मारा केला तर वर सांगितलेला हिशोब त्या औषधालाही लागू पडतो.

प्रश्न : आमच्या ठाण्यातल्या स्वयंपाकघरात झुरळांसाठी औषधाची जेल लावतो. पहिल्यांदा कमाल झाली. आता झुरळे जेलच्या बाजूने निघून जातात, तोंडही लावत नाहीत. झुरळे हुशार झाली का?

उत्तर : ती हुशार झाली नाहीत. पण तुमचे निरीक्षण तंतोतंत खरे आहे आणि त्याचा शोध अमेरिकेत 1990 च्या दशकात लागला. स्वयंपाकघरातल्या लहान तपकिरी झुरळासाठी विष गोड करून ठेवतात, त्यात ग्लुकोज असते. काही घरांतली झुरळे ते खाईनाशी झाली. विष वगळून नुसते ग्लुकोज ठेवले तरी ती मागे सरकत. पुढे 2013 मध्ये कारण कळले. या झुरळांच्या तोंडावरच्या, कडू चव ओळखणाऱ्या चेतापेशी ग्लुकोजनेही जाग्या होतात. त्यांना साखर कडू लागते.

अशी झुरळे पूर्वीही कुठेकुठे जन्मत असतील. गोडाचा धिक्कार करणारे झुरळ अन्न गमावते, त्याची वाढ हळू होते, त्यामुळे त्यांची संख्या वाढत नसे. घरात गोड विष आले आणि गोड खाणारे सगळे मेले. जनुकांतून आवडनिवडही उतरते, आणि तिचीही निवड होते. वागण्यातला बदल दिसला की आपण लगेच ‘शिकली’ म्हणतो. पण शिकायला आधी चाखून जगावे लागते, आणि ज्यांनी हे विष चाखले ती जगलीच नाहीत. वेगळ्या घटकांची जेल आलटूनपालटून वापरा, आणि रात्री ओटा कोरडा ठेवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, राहणार सांगली. किडी बदलतात हे मी मान्य करतो. पण अळीची शेवटी अळीच राहिली ना? त्यावरून माकडाचा माणूस झाला हे कसे मानायचे? आणि झाला असेल तर माकडे अजून का आहेत?

उत्तर : गुरुजी, अळी अळीच राहिली हे अगदी खरे. सत्तर पिढ्यांत दुसरे काही व्हावे अशी अपेक्षा उत्क्रांतीच्या अभ्यासकांचीही नाही. पण छोटे बदल साचत गेले तर किती दूर जाता येते, ते भाजीबाजारात दिसते. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली ही सगळी एकाच रानटी वनस्पतीची माणसाने निवडून निवडून काढलेली रूपे आहेत. कोणी पानांची गड्डी पाहून बी राखले, कोणी फुलोरा, कोणी फुगलेले खोड. हे शतकानुशतकांचे काम आहे. अजून त्यांचा आपसांत संकर होतो, म्हणजे जात एकच. जात वेगळी व्हायला समूह एकमेकांपासून तुटावे लागतात, आणि बदल इतके साचावे लागतात की पुन्हा भेटले तरी संतती होत नाही. त्याला पहिल्या प्रश्नातल्या मुलीच्या पुस्तकातली लाखो वर्षे लागतात.

माकडे अजून का आहेत, या प्रश्नात माणूस आजच्या माकडांपासून झाला असे गृहीत धरलेले आहे. तसे कोणी म्हणत नाही. पेरूच्या झाडावर येणारी लाल तोंडाची माकडे आणि काळतोंडी वानरे आपले पूर्वज नाहीत, ती दूरची भावंडे आहेत. त्यांचा आणि आपला समाईक पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचा. चिंपांझीचा आणि आपला साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा. एकाच आजोबांची काही नातवंडे मुंबईला गेली म्हणून गावाकडची नाहीशी होत नाहीत.

आणि मानायचे कशावरून? हाडे, जीवाश्म यांविषयी तुम्ही वर्गात शिकवले असेलच, म्हणून वेगळा पुरावा सांगतो. शेळी, गाय, कुत्रा, उंदीर यांना क जीवनसत्त्व खावे लागत नाही. त्यांचे शरीर ते साखरेपासून बनवते. या कामातली शेवटची पायरी एक विकर (एन्झाइम) पार पाडते. माणसात त्या विकराचे जनुक आहे, पण मोडलेले. ते काहीच करत नाही, तरी पिढ्यान् पिढ्या नक्कल होत आले आहे. तेच जनुक चिंपांझीत मोडलेले आहे, गोरिलात मोडलेले आहे, माकडांतही मोडलेले आहे, आणि त्यातले अनेक बिघाड सगळ्यांत त्याच त्या जागी आहेत. गिनीपिगमध्येही हे जनुक निकामी झाले आहे, पण त्याची मोडतोड निराळी आहे. तुम्ही उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. दोन मुलांची उत्तरे बरोबर आली तर काही सिद्ध होत नाही. त्याच ओळीत तीच चूक दिसली की दोघांची वही एक होती हे तुम्ही ओळखता.

हे जनुक मोडले तेव्हा नैसर्गिक निवडीने ते बाद का केले नाही? कारण आपले ते फार जुने पूर्वज झाडांवर राहून फळे-पाने खाणारे होते. क जीवनसत्त्व रोज पोटात जात होते. मोडलेले जनुक असलेला आणि शाबूत असलेला, दोघेही सारखेच जगले, सारखीच पिल्ले झाली. निवडायला काही फरकच नव्हता. त्या मोडतोडीचा परिणाम जाणवला तो कोट्यवधी वर्षांनी, माणसे महिनोन् महिने ताज्या फळांवाचून समुद्रावर राहू लागली तेव्हा. वास्को द गामाचा ताफा 1498 च्या ऑक्टोबरात गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटावरून परत निघाला. अरबी समुद्र ओलांडायला त्याला तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, अनेक जण मेले. जानेवारी 1499 मध्ये जहाजे आफ्रिकेच्या मालिंदी बंदराला लागली तेव्हा आजाऱ्यांसाठी किनाऱ्यावरून संत्री मागवण्यात आली.